१९५२ ची नर्सिंग विद्यार्थिनी रंगमंचावर दाखवायची आहे, तिच्या हातांना काय काम द्यावं?

मंगळवारपेठकर

नमस्कार मंडळी. आमच्या मंडळाची यंदाची एकांकिका १९५२ च्या पावसाळ्यात कोल्हापुरातल्या एका मोठ्या दवाखान्यात घडते. पात्रं पाच: तीन विद्यार्थिनी, वॉर्डची सिस्टर आणि एक आया. संहिता पक्की आहे, संवाद चांगले बसलेत. अडचण वेगळीच आहे. संहितेत "सुशीला इंजेक्शन देते" एवढंच वाक्य आहे. त्याआधी ती काय करते, नंतर काय करते, हे तालमीत कुणालाच सांगता येत नाही. मुली ट्रे हातात घेऊन नुसत्या इकडून तिकडे फिरतात आणि ते खोटं दिसतं.

मला हवंय ते असं: सकाळपासून रात्रीपर्यंत तिच्या वाट्याला काय काम यायचं, सिरिंज आणि सुया कशा तयार व्हायच्या, ट्रॉलीवर काय असायचं, औषधं मोजायची कशी, आणि गणवेश. प्रॉपर्टीवाल्यानं (नाटकाचं सामान पुरवणाऱ्यानं) सलाईनची प्लॅस्टिकची पिशवी आणून ठेवली आहे. ती तेव्हाची नाही एवढं आम्हालाही कळतं, पण तिच्या जागी काय टांगायचं? थोरल्या दवाखान्यासारखं (कोल्हापूरच्या जुन्या सरकारी रुग्णालयासारखं) वातावरण हवंय, पण कुठल्या खऱ्या संस्थेचं नाव संहितेत नाही. जाणकारांनी सविस्तर लिहावं, लांबलं तरी चालेल.

वसुधा_ट्यूटर

सविस्तरच लिहिते, कारण नाटक-सिनेमात नर्स म्हटलं की हातात सिरिंज आणि डोक्यावर टोपी, एवढ्यावर भागवतात. त्या काळातली विद्यार्थिनी दिवसातला निम्म्याहून जास्त वेळ पेशंटला हात न लावता घालवायची: धुणं, उकळणं, घासणं, घडी घालणं, मोजणं, भरणं. आणि वॉर्ड चालायचा तो विद्यार्थिनींच्या बळावर. स्टाफ नर्स मोजक्या, आया-वॉर्डबॉय मोजके. शिकणारी मुलगी म्हणजेच कामाचा हात. हे एकदा तुमच्या नटींच्या डोक्यात बसलं की हात आपोआप चालतील.

थोडी पार्श्वभूमी. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं, म्हणजे तुमच्या नाटकात ते ताजं आहे. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा १९४७ चा. नंतर कौन्सिलनं दर्जा ठरवला तो तीन वर्षांचं जनरल नर्सिंग आणि त्यावर मिडवायफरी असा. आपल्या भागात नर्सिंग शिकायचं म्हटलं की पहिलं नाव मिरजेच्या मिशन हॉस्पिटलचं निघायचं. तिथलं स्कूल १८९७ पासूनचं, आणि कोल्हापूर-मिरज रेल्वे त्याच्याही आधीची. त्यामुळे "मिरजेला शिकून आलेली स्टाफ नर्स" हे पात्र सहज शोभेल. मुली बऱ्याचशा ख्रिस्ती कुटुंबांतल्या. पुण्याच्या सेवासदनानं रमाबाई रानड्यांच्या काळात हिंदू मुलींना, विधवांना ससूनमध्ये पाठवायला सुरुवात केली होती, तरी घरचा विरोध १९५२ मध्येही संपला नव्हता. परक्या पुरुषाचं अंग पुसायचं, बेडपॅन उचलायचं, हा त्यातला खरा मुद्दा. तुमच्या सुशीलाचं आडनाव काय ठेवलंय त्यावर तिच्या घरचं पत्र कसं येईल ते ठरेल.

दिवस. पाचला उठणं, साडेसहाच्या सुमारास मेट्रनसमोर (दवाखान्याच्या मुख्य नर्ससमोर) हजेरी (मिशनच्या दवाखान्यात आधी प्रार्थना), नखं आणि टोपी तपासणी, सातला वॉर्ड. सात ते सात ही चौकट, मधे दोन-तीन तास ऑफ, आणि लेक्चर त्या ऑफमध्येच. नाईट करून आलेली मुलगीसुद्धा दुपारच्या लेक्चरला यायची. ॲनाटॉमीच्या तासाला मागच्या बाकावर पेंगणारी मुलगी आळशी नव्हे, नाईटची असते. वेळा दवाखान्यागणिक अर्धा-एक तास पुढेमागे धरा.

सकाळचं पहिलं काम बेड मेकिंग, आणि ते दोघींचं. एक या बाजूला, एक त्या बाजूला, बोलायचं नाही. चादर ओढून खुर्चीवर घड्या घालून ठेवायची, काथ्याची गादी उलटायची, खालची चादर ताणून कोपरे पाकिटासारखे दुमडायचे. मधल्या भागात आडवं मॅकिंटॉश म्हणजे रबरी कापड, त्यावर ड्रॉ शीट. ड्रॉ शीट मुद्दाम लांब असते. एका बाजूचा जास्तीचा भाग गादीखाली दाबून ठेवायचा. पेशंटच्या पाठीखालचा भाग गरम-ओला झाला की पलीकडून ओढून कोरडा भाग मधे आणायचा. उशीच्या अभ्र्याचं तोंड वॉर्डच्या दाराकडे नको, कॉटची चाकं एका दिशेला. राऊंडला मेट्रन आधी चाकं बघायची, मग पेशंट.

मग पाठी. पाठ चोळणं हे काम प्रोबेशनरचं, म्हणजे नुकत्याच आलेल्या, अजून कायम न झालेल्या विद्यार्थिनीचं. साबण-पाणी, कोरडं पुसणं, स्पिरिट, पावडर, दर चार तासांनी. डोक्याची मागची बाजू, खांद्यांची पाती, माकडहाड, टाचा. बेडसोअर झाला तर तो पेशंटच्या आजाराचा भाग मानत नसत, वॉर्डची नामुष्की मानत. कातडी लाल दिसली की लगेच सिस्टरला सांगायचं, लपवायचं नाही. हा प्रसंग नाटकात घालण्याजोगा आहे, कारण लपवण्याचा मोह मोठा असतो.

टीपीआर, म्हणजे ताप, नाडी आणि श्वास: तोंडात थर्मामीटर दोन मिनिटं, काखेत पाच. तेवढ्यात नाडी आणि श्वास. श्वास मोजताना मनगट सोडायचं नाही, म्हणजे पेशंटला कळत नाही आणि तो श्वास बदलत नाही. थर्मामीटर कार्बोलिकच्या किंवा लायसॉलच्या (दोन्ही जंतुनाशकं) पेल्यात, तळाला कापूस. धुवायचं ते गार पाण्यानं, गरम पाण्यात पारा चढून काच तडकते. फुटलं तर बऱ्याच ठिकाणी विद्यावेतनातून पैसे कापत, म्हणून झटकताना मुली कॉटपासून चार पावलं लांब जायच्या. नटीला एवढं सांगा, फरक दिसेल.

पावसाळा म्हणताय तर टायफॉइड हवाच. ताप १०३ च्या वर गेला की टेपिड स्पंज. मॅकिंटॉश पसरून, कोमट पाण्यात पिळलेली फडकी काखेत आणि जांघेत, हातपायांवर लांब सावकाश हात, पंधरा-वीस मिनिटं. थंडी भरली, ओठ निळे पडले, नाडी बिघडली की थांबायचं. अर्ध्या तासानं पुन्हा ताप बघायचा आणि चार्टवर उतरलेला ताप तुटक रेषेनं दाखवायचा. बेडपॅन झाकूनच न्यायचं, ब्लीचिंग पावडर किंवा एकास वीस कार्बोलिक घालून तास-दोन तास ठेवायचं, मगच टाकायचं. खायला दूध, कण्हेरी, बार्लीचं पाणी. भेटायला आलेली आजी पदराखालून भाकरी देते आणि आतड्याला भोक पडायची भीती असते, हा त्या वॉर्डातला रोजचा झगडा. क्लोरॅम्फेनिकॉल आलं होतं, पण महाग. नर्सिंगवरच पेशंट तरायचा.

चिटल_फोर्सेप

वसुधाताईंनी वॉर्ड सांगितला, मी हत्यारांचं आणि उकळण्याचं लिहितो. जुनी उपकरणं दुरुस्त करतो, त्यामुळे काय कुठं मोडतं हे माहीत आहे.

काचेची सिरिंज दोन तुकड्यांची: बॅरल आणि पिस्टन. दोन्हींवर एकच नंबर कोरलेला असतो, कारण जोडी घासून बसवलेली. दुसऱ्याच पिस्टनची गाठ घातली तर एक तर बसत नाही, नाही तर मागून औषध गळतं. पाच-सहा सिरिंज एकदम उकळल्या की जोड्या लावणं हे वेगळं कामच होतं. उकळताना पिस्टन बाहेर काढायचा, नाही तर काच फुगून बॅरल तडकतं. प्रत्येक सिरिंज गॉजमध्ये गुंडाळून गार पाण्यात ठेवायची आणि मग स्टो लावायचा. उकळत्या पाण्यात गार सिरिंज टाकली की टक्क आवाज आणि पैसे कापले. वेळ मोजायची ती पाणी खळखळायला लागल्यापासून. मधेच कुणी किडनी ट्रे टाकला तर घड्याळ पुन्हा पहिल्यापासून. पुस्तकी वेळ दहा मिनिटांचीही सापडेल, पण वीस मिनिटं धरणं बरं. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच, इथं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. आणि उकळून जंतू मरतात, स्पोअर (काही जंतूंचं टणक कवचातलं रूप) मरत नाहीत, म्हणून ऑपरेशनचं सामान ऑटोक्लेव्हमध्येच, म्हणजे दाबाच्या वाफेच्या भांड्यात.

विहिरीचं जड पाणी असेल तर सिरिंजवर पांढरा थर चढतो आणि पिस्टन आत अडकतो. ओढाताण केली की तुटतो. अडकलेली सिरिंज कोमट पाण्यात भिजत ठेवायची, दुसऱ्या सिरिंजनं टोकातून पाणी दाबून पिस्टन मागं ढकलायचा. हत्यारांच्या पाण्यात चिमूटभर धुण्याचा सोडा घालत, गंज धरत नाही म्हणून. सिरिंजच्या पाण्यात सोडा नको, काही औषधं त्यानं बिघडतात.

सुया. त्या टाकून देत नसत, घासत. तेलाचा दगड, त्यावर थेंबभर तेल, सुईचा तिरपा कापलेला भाग दगडावर सपाट धरून हलक्या हातानं पुढंमागं. कोन बदलला की सुई बोथट किंवा आकडेदार होते. पारख अशी: टोक कापसावरून ओढायचं, तंतू अडकला तर आकडा आहे, पुन्हा दगड. मग स्पिरिटनं आतून धुवायची आणि बारीक तार घालून ठेवायची, नाही तर गंजून भोक बुजतं. उकळायच्या वेळी तार बाहेर. तिघी विद्यार्थिनी दुपारी खिडकीशी बसून सुया घासताहेत, कापसावर ओढून बघताहेत, आणि त्याच वेळी तुमचे संवाद चालले आहेत, असं करून बघा. इंजेक्शन देण्यापेक्षा हे जास्त खरं आहे.

"इंजेक्शन देते" या वाक्यात मग एवढं येतं. चिटल फोर्सेपनं (लांब चिमट्यानं) बॅरल उचलायचं, पिस्टन घालायचा, सुई मुळाशी धरून बसवायची. पेनिसिलिनची पाच लाख युनिटची कोरडी पावडर असलेली बाटली, रबरी बुचावर स्पिरिट, आत पाच सीसी (म्हणजे पाच मिलिलिटर) डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे एका सीसीला एक लाख. पाण्याचं ॲम्प्यूल कानशीनं खाचून फोडायचं. साधं पेनिसिलिन दर तीन-चार तासांनी, रात्रीसुद्धा. सावकाश अंगात उतरणारं प्रोकेन पेनिसिलिन आल्यावर दिवसाला एक-दोन टोचण्यांवर भागायला लागलं. जागा कुल्ल्याचा वरचा बाहेरचा चतकोर, कारण खाली मधे पायाकडे जाणारा मोठा मज्जातंतू असतो. एकाच सिरिंजमध्ये जास्त औषध भरून फक्त सुई बदलत पुढच्या कॉटकडे जाणं त्या काळी सर्रास चालायचं. त्यातून कावीळ पसरते हे तेव्हा नुकतं उमगू लागलं होतं.

स्ट्रेप्टोमायसिन (क्षयाचं इंजेक्शन) असेल तर एक बारीक गोष्ट. हवा काढताना फवारा उडतो. रोज रोज हातावर, डोळ्यांवर बसून नर्सेसच्या बोटांना भेगा पडायच्या, पापण्या सुजायच्या. काळजी घेणारी सिस्टर ओल्या कापसाचा बोळा सुईच्या टोकाशी धरून हवा काढायला शिकवायची.

चिटल फोर्सेप म्हणजे उंच बरणीत लायसॉलमध्ये बुडवून ठेवलेला लांब चिमटा. टोक कायम खाली. टोक वर केलं की लायसॉल हाताकडे ओघळतं, पुन्हा खाली केलं की हाताला लागून आलेलं पाणी टोकाला येतं आणि निर्जंतुक ट्रे बाटतो. बरणीच्या काठाला टोक लावलं तरी तेच. स्टेजवर नटीनं चिमटा आडवा फिरवला तर पहिल्या रांगेत बसलेली कुठलीही जुनी नर्स हळहळेल.

ड्रम: ड्रेसिंगचे गोल पत्र्याचे डबे, बाजूला भोकांची पट्टी. ऑटोक्लेव्हमध्ये जाताना भोकं उघडी, बाहेर येताच बंद. ठासून भरायचे नाहीत, मधे वाफ शिरत नाही. आधी व्हॉल्व्ह उघडा ठेवून आतली सगळी हवा जाऊ द्यायची. हवा राहिली तर काटा १५ पौंड दाखवतो पण आत १२१ अंश होत नाहीत. १५ पौंडांवर वीस मिनिटं, रबरी हातमोजे असतील तर पंधरा. ड्रम ओला निघाला तर तो पुन्हा लावायचा.

हातमोजे फक्त ऑपरेशन, बाळंतपण आणि अशाच कामांना. बेडपॅनला, ड्रेसिंगला उघडे हात. वापरलेले मोजे धुऊन, हवा भरून पाण्याखाली धरायचे, बुडबुडे आले की भोक. त्यावर जुन्या मोज्याचा तुकडा चिकटवायचा, वाळवायचे, टाल्क लावून मनगटाशी उलटी दुमड घालून जोडी बांधायची.

आणि तुमची सलाईनची पिशवी: तिथं काचेची बाटली उलटी टांगा, खाली लाल-तपकिरी रबरी नळी, मधे काचेचं ड्रिप चेंबर, स्क्रूची क्लिप. नळी धुऊन परत वापरायची. आतून नीट धुतली नाही तर सलाईन सुरू होऊन थोडाच वेळ झाला की पेशंटला कडकडून थंडी भरते. औषध बरोबर, डॉक्टर बरोबर, चूक नळी धुणारीची. शिरेत सुई डॉक्टरच घालणार, विद्यार्थिनी बाटली धरणार आणि थेंब मोजणार.

मंगळवारपेठकर

चिटल_फोर्सेप दादा, सुया घासण्याचा प्रसंग आजच बसवला, दोन पानांचे संवाद त्यावर चालले! वसुधाताई, लाल पडलेली पाठ लपवण्याची कल्पना लेखकाला फार आवडली. आता दोन शंका. रात्रीच्या प्रवेशात सुशीला मॉर्फिनच्या डोसात चुकता चुकता वाचते. तेव्हा मिलिग्रॅम होते का? आणि कोल्हापूरचा जुलै, तर टोप्या-साड्या वाळायच्या कशा?

अण्णा_कंपाउंडर

मिलिग्रॅम म्हणायचं नाही. दशमान वजनं भारतात १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं आली, दशमान नाणी १९५७ ला. १९५२ च्या वॉर्डात ग्रेन, मिनिम, ड्राम, औंस. ६० मिनिम म्हणजे एक ड्राम, ८ ड्राम म्हणजे एक औंस, २० औंसाचा पाइंट. आणि सिरिंजवर मात्र सीसी. दोन्ही भाषा एकाच ट्रेवर, आणि घोळ तिथंच व्हायचे. ग्रेन आणि ग्रॅम यांत पंधरा पटींचा फरक आहे, आणि घाईच्या अक्षरात ते सारखेच दिसतात.

मॉर्फिनच्या छोट्या गोळ्या यायच्या, पाव ग्रेनच्या. चमच्यात उकळून निवलेल्या पाण्यात विरघळवून टोचायच्या. डॉक्टरनं एक षष्ठांश ग्रेन लिहिलंय आणि कपाटात पाव ग्रेनचीच गोळी आहे. गणित असं: हवं ते भागिले आहे ते, म्हणजे एक षष्ठांश भागिले एक चतुर्थांश, दोन तृतीयांश. गोळी १२ मिनिम पाण्यात विरघळवायची, ८ मिनिम द्यायचे, ४ फेकायचे. मुली परीक्षेला हे घोकायच्या. चूक कुठं होईल? भागाकार उलटा केला तर उत्तर दीड येतं, म्हणजे दीड गोळी. जो डोस गोळीपेक्षा कमी हवा तो गोळीपेक्षा जास्त निघाला, एवढं लक्षात आलं की ती थांबते. तुमचा प्रसंग इथंच आहे, ओढून ताणून काही करायला नको.

मॉर्फिनचं कपाट वेगळं, कपाटात कपाट, दोन कुलपं, किल्ल्या सिस्टरच्या कमरेला. धोकादायक औषधांचा कायदा १९३० चा, रजिस्टर भरायचं: तारीख, वेळ, पेशंट, डोस, शिल्लक, दोघींच्या सह्या. एकटी विद्यार्थिनी मॉर्फिन काढून देते असं दाखवू नका. विषारी औषधांच्या बाटल्या खाचांच्या, हिरव्या किंवा निळ्या काचेच्या. अंधारात बोटाला खाच लागली की कळावं म्हणून.

इन्सुलिनचा पेशंट असेल तर त्याहून मोठा धोका. इन्सुलिन सीसीला २०, ४० आणि ८० युनिट अशा तीन ताकदींत मिळायचं, आणि सिरिंजवर सीसीला २० रेघा. ४० च्या बाटलीत एक रेघ म्हणजे २ युनिट. १६ युनिट हवे तर ८ रेघा. बाटली ८० ची निघाली आणि ८ च रेघा ओढल्या तर ३२ गेले. पहाटे रक्तातली साखर उतरून पेशंट घामानं थबथबलेला, बोलणं तुटक.

लोशनं विद्यार्थिनीच करायच्या, तीही लिहितो. लायसॉल एकास ८० म्हणजे पाइंटला दोन ड्राम. जड पाण्यात ते दुधासारखं होतं, कारण त्यात साबण असतो. कार्बोलिक एकास २० म्हणजे पाइंटला एक औंस, एकास ४० त्याच्या निम्मं. कार्बोलिक गरम पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत हलवायचं. नाही हलवलं तर तेलकट थेंब तळाला बसतात आणि त्यात हात घातला की कातडी पांढरी पडून भाजते. भाजलं तर लगेच स्पिरिट.

इयुसॉल हे लोशन चिघळलेल्या जखमांना. पाइंटभर पाण्याला पाव औंस ब्लीचिंग पावडर, पाव औंस बोरिक. पावडर थोड्या पाण्यात घोटून गुठळ्या मोडायच्या, बोरिक घालून पाणी पुरं करायचं, खूप हलवून काही तास ठेवायचं, गाळून गडद बाटलीत भरायचं. उकळायचं नाही, आठवड्यापलीकडचं वापरायचं नाही, क्लोरिन उडून जातो. स्टीलची हत्यारं त्यात ठेवली की काळी पडतात. बाटलीवर बनवल्याची तारीख असलीच पाहिजे. स्टेजवरच्या बाटलीवरही चिठ्ठी चिकटवा, मराठीत नको, तेव्हा लेबलं इंग्रजीतच असायची.

शुभांगी_वेशभूषा

गणवेश प्रत्येक संस्थेचा वेगळा. कुठं पांढरी साडी, कुठं फ्रॉक आणि ॲप्रन, त्यामुळे तुम्हाला मोकळीक आहे. पण तिघींचा सारखा हवा आणि वर्षाप्रमाणे पट्ट्याचा किंवा टोपीवरच्या फितीचा फरक हवा. प्रोबेशनरला टोपी नाही, ती प्रोबेशन संपल्यावर समारंभानं मिळते. तिघींतली एक बिनटोपीची ठेवली तर प्रेक्षकाला न सांगता कळेल. हातात बांगड्या नाहीत, घड्याळ मनगटावर नाही, छातीला पिननं उलटं लावलेलं, म्हणजे नाडी मोजताना खाली बघितलं की वाचता येतं. मंगळसूत्र नाही, कारण लग्न झालेल्या मुलीला बहुतेक ठिकाणी प्रवेशच नव्हता. केस टोपीत घट्ट, मानेवर बट नको.

टोपी म्हणजे सपाट कापड, घडी घालून पिना लावलेलं. कडकपणा खळीचा. मैदा किंवा साबुदाणा गार पाण्यात कालवून मग उकळायचा, गुठळी राहिली तर इस्त्रीखाली पिवळा डाग पडतो. खळीत मेणाचा छोटा तुकडा विरघळवला की इस्त्री चिकटत नाही. नीळ खळीच्या आधी, शेवटच्या पाण्यात, आणि ती फडक्याच्या पुरचुंडीत बांधूनच फिरवायची. सुटी टाकली की कपड्यावर निळे ठिपके उठतात.

जुलैत वाळवणं हा खरा प्रश्न. होस्टेलच्या व्हरांड्यात दोऱ्या, आणि घाईच्या वेळी बाळंतिणीच्या खोलीत करायचे तसं शेगडीवर बुट्टी पालथी घालून त्यावर टोपी. धूर लागला की कापड पिवळं पडतं, म्हणून निखारा पुरता फुलल्यावरच. कोळशाची इस्त्री आधी व्हरांड्यात जाऊन हलवायची, राख झाडायची, मग जुन्या फडक्यावर फिरवून बघायची आणि मगच ॲप्रनला लावायची. ओल्या हवेत खळ उतरते, म्हणून पावसाळ्यात दाट. तरी दुपारपर्यंत टोपीचे पंख खाली येतातच. दुसऱ्या प्रवेशात टोपी जरा ढिली दाखवा.

वसुधा_ट्यूटर

अण्णांशी एका बाबतीत थोडा मतभेद. मॉर्फिन दोघींनी तपासायचं हा नियम बरोबर, पण रात्री एका मोठ्या वॉर्डला एक सीनियर विद्यार्थिनी आणि एक ज्युनियर, आणि नाईट सिस्टर सगळ्या दवाखान्याला मिळून एकच, अशी स्थिती सर्रास होती. म्हणजे तपासणारी दुसरी व्यक्ती म्हणजे सहा महिन्यांची प्रोबेशनर. ती सीनियरच्या गणिताला "बरोबर" म्हणणारच. धोका तिथं आहे. नाईट सिस्टर कंदील किंवा टॉर्च घेऊन फेरीवर असते, किल्ल्या तिच्याकडे, तिला बोलवायला ज्युनियरला धाडायचं, आणि तेवढा वेळ सीनियर वॉर्डात एकटी. तुमच्या लेखकाला हा रिकामा वेळ हवा असेल.

रात्रीची इतर कामं: गॉज कापणं, स्वॅब वळणं, बँडेज गुंडाळणं. बँडेज धुऊन परत येतात, त्यांचे रोल हातानं मांडीवर घट्ट वळायचे. बोटाला एक इंची, हाताला अडीच, पायाला तीन, छाती-पोटाला चार ते सहा. सैल रोल बांधताना हातातून सुटून जमिनीवर जातो आणि तो पुन्हा धुण्यात टाकावा लागतो. नटींना हे आधी घरी शिकू दे, पंधरा मिनिटांत जमतं आणि हात संवादापासून मोकळे राहतात. पहाटे चारपासून पुन्हा धावपळ: तोंडं धुणं, टीपीआर, बेडपॅनची फेरी, लघवीचे नमुने, आणि सातच्या आत रिपोर्ट लिहून तयार. रिपोर्ट उभ्यानं वाचायचा, कॉट नंबरानं, पेशंटच्या नावासह. "झोप बरी", "ताप उतरला" असं मोघम चालत नाही: किती वाजता, किती अंश, किती औंस दूध प्याला, किती वेळा शौचाला झालं.

हाक कशी मारायची हेही विचारून घ्या म्हणते. विद्यार्थिनी आपल्यापेक्षा सीनियर सगळ्यांना "सिस्टर" म्हणणार, मेट्रनला "मॅडम". पेशंट "नर्सबाई" किंवा नुसतं "बाई". आयाला मुली "मावशी" म्हणतात आणि मावशी त्यांना "पोरी". डॉक्टर वॉर्डात आले की हातातलं काम ठेवून उभं राहायचं. सीनियरच्या आधी दारातून जायचं नाही, दार उघडून धरायचं. तिघी दारात येतात तेव्हा कोण थांबतं आणि कोण आधी जातं, तेवढ्यावर प्रेक्षकाला वर्षं कळतील.

मंगळवारपेठकर

मोठे आभार. एक शेवटचं: स्टेजवर खरा स्टो पेटवायला परवानगी नाही. उकळण्याचा आवाज कसा आणावा?

चिटल_फोर्सेप

स्टो विंगेत ठेवा, पडद्यामागं, आणि स्टेजवर फक्त झाकण घातलेलं सिरिंजचं भांडं आणा. आवाज रेकॉर्ड करताना तीन टप्पे वेगळे घ्या: पंप मारणं, जेट धरल्यावरचा एकसुरी घोंगावा, आणि पाणी उकळल्यावर सिरिंजच्या काचा भांड्याच्या जाळीवर थरथरायचा बारीक किणकिणाट. तिसरा आवाज आला की सिस्टर घड्याळाकडे बघते, आधी नाही. जेट तुंबून ज्योत पिवळी झाल्यावर पिन मारायची असते. तो आवाज हवा असेल तर घोंगावा अचानक तोडा, दोन सेकंद शांत ठेवा, मग पुन्हा पंप.